स्वच्छतेचे दहा गुण

आमच्या शाळेत स्वच्छता हा परीक्षेचा विषय होता. भाषा, गणित, शिवण आणि पवित्र शास्त्र यांच्या शेजारी स्वच्छतेचेही दहा गुण असत. नखं, दात, कान, केस आणि कपडे, प्रत्येकी दोन. पाढा चुकला तर बाई पुन्हा म्हणायला लावत. नखात माती दिसली तर मात्र त्या काही बोलत नसत, नुसता त्यांचा चेहरा उतरायचा. देवाच्या लेकरांनी देवासमोर मळकं उभं राहू नये, असं त्यांचं म्हणणं. त्या चेहऱ्यापेक्षा छडी परवडली, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

शाळा ख्रिस्ती मंडळीची, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात. खोल्या दोनच. एकीत बाई शिकवत, दुसरीत माझे वडील. शेतकऱ्यांची पोरंही आमच्यात असत, कारण दुसरी शाळा लांब होती आणि आमच्याकडे दुपारी दुधाची पावडर कालवून मिळायची. सकाळी लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजला की प्रार्थना, मग गाणं, मग तपासणी. आम्ही ओळीत हात पुढे करून उभे राहायचो. बाई प्रत्येकाचा हात आपल्या हातात घ्यायच्या, उलटा करायच्या, नखं पाहायच्या, कानामागे डोकावायच्या आणि गुण मोठ्यानं सांगायच्या. सांगताना आवाज अगदी कोरडा. 'दहापैकी सात.' बस्स, दिवस खराब.

बाहत्तरचा दुष्काळ असं लोक म्हणतात, पण आमच्याकडे तो एकाहत्तरलाच येऊन बसला होता. विहिरी आटल्या, शाळेची सगळ्यात आधी. टँकर यायचा तो शाळेसमोरच्या रस्त्यावर थांबायचा, त्यामुळे मास्तरांचं आणि बाईंचं पाणी आधी भरलं जायचं. त्यात कुणाची लबाडी नव्हती. रस्ता तिथं होता, एवढंच. पण माझे दहा गुण त्या रस्त्यामुळे होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण गावाच्या पार त्या टोकाला राहायची. तिचे वडील जनावरं घेऊन श्रीरामपूरकडे उसाच्या पट्ट्यात गेले होते. आई सरकारी कामावर खडी फोडायची. तान्हा भाऊ होता, त्याला कामावर झोळीत निजवायचे. टँकरच्या गर्दीतून त्या घराला दिवसाकाठी एक हंडा मिळाला तर नशीब. रविवारी तीसुद्धा आईबरोबर खडीवर जायची आणि सोमवारी शाळेच्या वाटेवर बसून बाभळीच्या काट्यानं नखं कोरायची. रक्त यायचं. ते चोखून टाकायची आणि म्हणायची, 'दिसतंय का गं?'

वडिलांनी एकदा बाईंना सुचवलं की पाऊस पडेपर्यंत स्वच्छतेचे गुण बाजूला ठेवावेत. बाई म्हणाल्या, 'मास्तर, आज पाणी नाही म्हणून नखं सोडली, तर उद्या पोट भरलं नाही म्हणून प्रार्थना सोडू.' वडिलांना वाद घालता येत नसे. बाई वाईट नव्हत्या. स्वतः त्या ओल्या फडक्यानं अंग पुसायच्या आणि उरलेलं पाणी लिंबाला घालायच्या. पण त्यांचा विश्वास असा होता की खेड्यातल्या पोरीला वर काढायची वाट नखांपासून सुरू होते. या एका बाबतीत त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

दर वर्षी शाळेतून एका मुलीला नगरच्या बोर्डिंगात जागा मिळायची. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत, जेवणखाण सगळं तिथंच. त्या वर्षी ती जागा माझ्या मैत्रिणीची, हे उघड होतं. तिची गणितं बाईंच्या आधी सुटायची, स्तोत्र एकदा ऐकलं की पाठ, आणि शिवणात तिची काजं अशी नीट की माझी पाहून मलाच हसू यायचं. भीती फक्त स्वच्छतेची. गुणांची बेरीज करायच्या त्या नगरहून येणाऱ्या परीक्षक बाई, आणि नखांच्या बाबतीत त्या आमच्या बाईंच्याही वरताण होत्या. खडीवर जन्म काढायचा की शाळा शिकायची, हे त्या दहा गुणांवर येऊन ठेपलं होतं. मैत्रिणीला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

शिमग्याच्या सुमारास परीक्षक बाई एसटीनं आल्या. पांढरी साडी, हातात फिरकीचा तांब्या. आपलं पाणी त्यांनी नगरहूनच आणलं होतं.

मैत्रीण आली ती ओल्या केसांनी. झंपर-परकर धुऊन, पिळून, तसाच दमट अंगावर घातलेला. वेण्यांतून पाणी ठिबकत होतं. वर्गात सगळे त्या थेंबांकडे बघत होते. इतक्या महिन्यांत अशी न्हायलेली मुलगी आम्ही पाहिलीच नव्हती. परीक्षक बाईंनी तिचा हात उलटा केला, नखं पाहिली, कान पाहिले. म्हणाल्या, 'दहापैकी दहा.'

बाकीचं तिनं सहज केलं. स्तोत्र कुठं अडलं नाही, काज कुठं उसवलं नाही. दुपारी निकाल तिथंच सांगितला आणि जागा तिला मिळाली. आमच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि उपकाराची प्रार्थना सुरू केली. आम्ही डोळे मिटले. बाईंची प्रार्थना लांबली.

'आमेन' म्हणून डोळे उघडले तर दारात मैत्रिणीची आई उभी होती. अंगावर खडीची धूळ, कडेला पोर, हातात रिकामा हंडा. पोर रडतही नव्हतं. नुसतं तोंड उघडं ठेवून आईच्या खांद्यावर पडलं होतं. तिनं हंडा उंबऱ्यावर ठेवला.

'बाई, ह्यात कालचं पानी हुतं,' ती म्हणाली. 'टँकर आज आला न्हाई. प्वाराला पाजावं म्हून मधनंच घरी आले, तर हंडा पालथा.' मग लेकीकडे वळून, आवाज न चढवता, 'कुनी वतलं?'

'मी,' मैत्रीण म्हणाली. खोटं बोलायचं नाही, हेही आम्हाला शाळेतच शिकवलं होतं.

वडिलांनी मला घरी पिटाळलं. मी तांब्या भरून आणला. पोर इतक्या घाईनं प्यालं की निम्मं पाणी सांडलं. बाई मैत्रिणीच्या आईजवळ गेल्या. 'माझ्या घरचा हंडा घेऊन जा. पण हे बघा, तुमची मुलगी फार हुशार आहे. तिला नगरला पाठवा. तिथं तिला काही कमी पडणार नाही, नळ आहे तिथं.'

'आंघूळ शिकवलीत, लई चांगलं केलंत,' आई म्हणाली. 'पन घरात तान्हं हाय, ह्ये तिच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. आता ती घरी ऱ्हाईल. ह्याला खडीवर उनात किती दिस न्यायचं, घरी कोन बघंल?'

आणि लेकीचा दंड धरून ती निघून गेली. बाईंचं पाणी तिनं घेतलं नाही.

बाई त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्या, नंतरही जात राहिल्या. आई दारात बसायला पोतं टाकायची, मान हलवून ऐकायची आणि नाही म्हणायची. बाई विनवण्या करत होत्या, पण चूक झाली असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. कदाचित ते त्यांना वाटतही नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी रूळ वाजला, प्रार्थना झाली, गाणं झालं, आणि आम्ही ओळीत हात पुढे करून उभे राहिलो. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. बाई तिथं क्षणभर थांबल्या आणि माझा हात उलटा करून म्हणाल्या, 'दहापैकी दहा.' मला त्यांचा इतका राग आला की हात हिसकून घ्यावासा वाटला. आजही तो राग गेलेला नाही, आणि तो नेमका कुणावर धरायचा हेही कळत नाही.

बोर्डिंगातली जागा रिकामी ठेवत नसतात. ती मला मिळाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा पाऊस पुन्हा हुकला होता. गावाच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं, एसटी तिथंच थांबली. खडीच्या ढिगाऱ्याजवळ मला मैत्रीण दिसली. भाऊ मेला होता, उन्हाळ्यातच, हगवणीनं. ते वडिलांनी मला कळवलं होतं. आता ती आईच्या बरोबरीनं पाट्या वाहत होती. मी उगाच म्हटलं, 'बरी आहेस का?'

तिनं पाटी खाली ठेवली, हात परकराला पुसले आणि माझा हात आपल्या हातात घेतला. तिचे तळवे भेगाळून दगडासारखे झाले होते. तिनं माझा हात उलटा केला, एकेक नख सावकाश पाहिलं, आणि बाईंच्याच कोरड्या आवाजात म्हणाली, 'दहापैकी दहा.'

मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. मुकादमानं हाक मारली तेव्हा तिनं पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि ती ओळीत जाऊन उभी राहिली.