लिअँडरचा खोकला

लिअँडर पाइक माझ्या तळघरातल्या खोल्यांत राहायला आला आणि पहिल्याच दिवशी खिडकीतून आभाळ दिसत नाही म्हणून माझ्याशी भांडला. त्रेसष्ट वर्षांचा बाप्या, चाळीस वर्षं न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावर खेकडे आणि कॉड मासे धरलेला. टोरांटोत वारा कुठून येतो तेच कळत नाही, हे त्याचं गाऱ्हाणं. मी म्हटलं, बाबा रे, इथे तुला बोट सोडायची नाहीये. मीही त्याच बेटाची, त्यामुळे असल्या तोंडाळ माणसांचं मला काही वाटत नाही.

तो आला होता बहिणीसाठी. एफी त्याच्याहून सात वर्षांनी धाकटी, जेमतेम पाच फूट उंच, नाकात ऑक्सिजनची नळी. त्यांच्या घराण्यात फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार आहे. बाप त्यानेच गेला, एक काका गेला. औषधाने तो रेंगाळतो, बरा होत नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी याच शहरात मेलेल्याचं फुप्फुस जिवंत माणसाच्या अंगी लागलं, तेव्हापासून आमच्याकडची माणसं इथे येऊन वाट बघतात. माझा नवरा सायलसही बघत होता. वाट बघता बघताच गेला, आणि मी तळघर अशाच माणसांना द्यायला लागले.

फुप्फुसासाठीच्या यादीत नाव ठेवायचं तर इस्पितळाची अट असते: जवळपास राहायचं, आणि सोबतीला कायम एक धडधाकट माणूस हवा. तो आजारी पडला तर दुसरा मिळेपर्यंत नाव बाजूला ठेवतात. एफीचा नवरा केव्हाच सोडून गेलेला, मूलबाळ नाही. लिअँडर बिनलग्नाचा. म्हणजे सगळी भिस्त त्याच्यावर. आठवड्यातून तीनदा तो तिला व्यायामाला न्यायचा. ती चालत्या पट्ट्यावर धापा टाकायची आणि हा शेजारी उभा राहून म्हणायचा, "चल गं पोरी, मागची गोगलगायसुद्धा पुढे गेली." घरी येऊन खारा मासा आणि बटाटे उकडायचा, पावाला काकवी फासून तिला बळेबळे भरवायचा, कारण वजन घटलं तरी डॉक्टर तोंड वाकडं करायचे.

दुसऱ्याच आठवड्यात मला खालून खोकला ऐकू आला. एफीचा नव्हता. कोरडा, तोकडा, लागोपाठ. तसला खोकला मी सायलसपाशी सहा वर्षं ऐकला होता. सकाळी मागच्या अंगणात लिअँडरला गाठलं. आधी म्हणाला, डिझेलचा धूर आहे, मुरलाय छातीत. मग माझ्या तोंडाकडे बघून पायरीवर बसला.

"व्हर्नामावशी, तिला लहान मापाची फुप्फुसं लागतात. ती वर्षातून कितीदा मिळणार? त्यात माझ्यापायी तिचं नाव मागे पडलं तर मेलीच ती. तू काही ऐकलं नाहीस."

मी काय करणार होते? सांगावं तर एफी जाते, न सांगावं तर हा जातो. मूग गिळून बसले. चौदा महिने बसले. त्याच्या शर्टाची कॉलर सैल होत गेली, जिना चढताना मधेच किल्ल्या शोधल्यासारखं करून तो थांबायला लागला, आणि मी वरून बघत राहिले. त्याचा राग यायचा, त्याहून जास्त माझा.

दोनदा इस्पितळातून बोलावणं आलं. पहिल्या वेळी फुप्फुसं बघताक्षणीच नापास झाली. दुसऱ्या वेळी आलेली पारखायला काचेच्या पेटीत ठेवून, यंत्राने बाहेरच्या बाहेर चार तास श्वास घ्यायला लावली. इकडे एफी कपडे बदलून खाटेवर तयार. चार तासांनी त्यांत पाणी साचलं आणि तिला घरी पाठवलं. त्या दिवशी लिअँडर माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला. तिसऱ्या वेळी जमलं.

तीन आठवड्यांनी एफी इस्पितळात नळीशिवाय चालत होती. रोज घरी फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायचं एक यंत्र असतं, ते शिकवायला नर्स आली. यंत्राला तोंडात धरायची नवी नळी लावून तिने लिअँडरला सांगितलं, आधी तुम्ही करून दाखवा, म्हणजे हिच्याकडून करून घेता येईल. त्याने थट्टेवारी नेलं, पण नर्स हटेना. शेवटी फुंकलं. मग खोकल्याची जी उबळ आली ती थांबेचना, आणि आकडा आला तो नुकतीच छाती चिरलेल्या एफीपेक्षाही कमी. नर्सने दार लोटून घेतलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

तपासण्या झाल्या. वर्षापूर्वी आला असता तर नाव सहज लावलं असतं, म्हणाले. आता अंगात काही उरलं नाही, हृदयही दमलंय, तरी बघू. डॉक्टरांचं 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे. लिअँडरला तिथेच ठेवून घेतलं.

एफीला मी घरी आणलं. ती मोरीशी उभी राहून त्याचा चहाचा मग घासत होती. आता ही मला विचारणार, म्हणून मीच आधी कबूल केलं की मला माहीत होतं, मला माफ कर.

तिने नळ बंद केला.

"मलाही माहीत होतं, मावशी. पहिल्या आठवड्यापासून. तो उशीत तोंड खुपसून खोकायचा, आणि मी झोपेचं सोंग घेऊन पडायचे." मग भिंतीकडे बघत म्हणाली, "मला जगायचं होतं गं."

आणि ती रडायला लागली. पुष्कळ वेळ, मोठमोठ्याने रडली, आणि तिला एकदाही दम लागला नाही.