तोंडात तीन बोटं

माझ्या थोरल्या जाऊबाईंना टॅबने ठणठणीत ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त खूश मीच झाले होते.

लोकांची जीवनशैली किती निरोगी आहे, हे मोजायच्या एका सर्वेक्षणात मला कंत्राटी काम लागलं होतं. गावोगाव फिरायचं, टॅबवरचे प्रश्न वाचायचे आणि उत्तरावर बोट टेकवायचं. शेवटी पडद्यावर एक चेहरा उमटायचा. हिरवा हसरा, नाहीतर पिवळा गप्प, नाहीतर लाल रडका. यवतमाळच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की आधी घरच्यांवर सराव करा. आमचं घर राळेगावकडच्या एका गावात. नवऱ्याने तोंडातला खर्रा सांभाळत ‘नंतर’ म्हटलं आणि सटकला. भासऱ्यांना, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाला, मी समोर बसून असलं काही विचारणं शोभलं नसतं. राहिल्या जाऊबाई. त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, आयत्याच सापडल्या.

“तळलेलं किती खाता?”

“आता पापडही नाई खात.”

“तिखट?”

“सोडलं. वरणात भाकर चुरतो अन् खातो.”

“घाम येईल असा व्यायाम करता?”

त्या पदराआडून हसल्या. “वावरात का झोपाले जातो मी?”

“काही व्यसन?”

“मले? व्यसन माणसाइले रायते वो.”

हिरवा चेहरा असा काही हसला की मी टॅब घरभर मिरवला. नवऱ्याला म्हटलं, शिका जरा वहिनींकडून.

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. लाडू मी स्वतः वळले होते, चांगले लिंबाएवढे. लाडात येऊन मी एक अख्खा लाडू जाऊबाईंच्या तोंडाशी नेला. तो दातांवर आपटून तिथेच अडला. मला वाटलं त्या लाजतायत, म्हणून मी अजून रेटला. त्यांनी माझा हात बाजूला केला, लाडू हातावर फोडला आणि एक बारीकसा तुकडा दातांच्या फटीतून आत सरकवला. बाया खो खो हसल्या. मी मात्र हळदीकुंकवाची कोयरी हातात धरून थिजून गेले, कारण प्रशिक्षणात दातांच्या एका डॉक्टरांनी सहज म्हणून दाखवलेली गोष्ट मला आठवली होती. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरायची. ती पुढच्या दातांमधून आत गेली पाहिजेत, नाहीतर तोंड आखडत चाललंय असं समजायचं. तेव्हा आम्ही सगळ्यांनी तोंडात बोटं घालून एकमेकींचे फोटो काढले होते, काय ती मजा! टॅबवर हा प्रश्नच नव्हता.

बाया गेल्यावर मी त्यांना चुलीपाशी गाठलं.

“बाई, तोंड उघडा बरं.”

“काहून वो?”

“उघडा म्हणते ना! तुमची बोटं घाला, अशी.”

एक बोट गेलं. दुसरं नखापाशी अडकलं. मोबाइलचा उजेड पाडला तर गालाची आतली बाजू वाळलेल्या सायीसारखी पांढरी दिसली.

“कधीपासून?”

“झालं असन सालभर. तिखट झोंबते, मंग सोडलं. पापड टोचते. घास मोठा जात नाई म्हणून चुरतो.”

तिखट नाही, तळलेलं नाही. ज्या ज्या उत्तरावर मी कौतुकाने बोट टेकवलं होतं, ते प्रत्येक उत्तर त्यांच्या बंद होत चाललेल्या तोंडाचं होतं. दुखणंच टॅबवर हिरवं होऊन हसलं होतं.

“खर्रा खाता?”

“वावरात खातो ना. बायाइले द्या लागते, त्याइच्यासंगं.”

आमच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या बायांना मजुरीशिवाय दुपारचा चहा आणि खर्रा द्यावा लागतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेली पुडी. नाही दिली तर बाया उद्या दुसऱ्याच्या वावरात. आमच्या वावरात ही पिशवी वर्षानुवर्षं जाऊबाईंच्या खांद्याला. बायांना द्यायचा आणि आपण कोरडं बसायचं, हे बरं दिसत नाही, म्हणून पहिली चिमूट त्यांची.

“मंग मले सांगितलं काहून नाई?” मी ओरडलेच.

“तू व्यसनाचं इचारलं. हे तं काम हाये.”

त्यांच्या चेहऱ्यावर मी खोटं बोलल्याची खूण शोधली. नव्हती. संताप तर असा आला होता की टॅब चुलीत घालावासा वाटला.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी गालाचा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत भासरे अंगणातच बसून असायचे. अहवाल घ्यायला आम्ही दोघीच गेलो.

“अजून कॅन्सर नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि ‘अजून’वर थांबून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. खर्रा आजपासून बंद. तोंडाचे व्यायाम करायचे. पण तोंड पहिल्यासारखं उघडेल याची खात्री नाही.

मला रडू फुटलं. जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, “उद्याच्या वेचणीले खर्रा कोण नेईन वो?”

मीच गेले. पिशवी नेली, कारण ती नेली नसती तर बाया थांबल्या नसत्या आणि मला त्या थांबायला हव्या होत्या. दुपारी सगळ्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, टेकल्या. मी जाऊबाईंचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता तीन बोटं तोंडात घाला. बाया खिदळल्या. एकीने दुसरीच्या तोंडात बोट घालायला पाहिलं, तिने ते चावलं, अजून हशा. मग एकेकीने आपापली बोटं घातली आणि हसणं हळूहळू विरत गेलं. एकीची दोन गेली. दुसरी बोटं आडवी करून बघू लागली. माझ्या लेकीच्या वयाची एक पोरगी, लग्न होऊन नुकतीच गावात आलेली, एकाच बोटावर अडली आणि तोंडातलं बोट न काढताच माझ्याकडे बघत राहिली.

सगळ्यात म्हाताऱ्या बाईने आपली बोटं बाहेर काढली, लुगड्याला पुसली आणि तोच हात माझ्यापुढे पसरला.

“पाह्यलं वो माय. आन आता खर्रा, ऊन उतरून राह्यलं.”

पिशवी मी पाठीमागे घट्ट धरली होती. मग एकेक करत सगळ्यांचेच हात पुढे आले. त्या पोरीचाही.