घडी खात्यातली वेधशाळा

"कुठलं? कधीचं? कुणी बघितलं?"

हे तीन प्रश्न अण्णा एका दमात विचारत आणि विचारताना उजव्या हाताची तीन बोटं एकेक करून दुमडत. समोरच्याकडं तिन्हींची उत्तरं नसली की ती मूठ तशीच खाली यायची आणि अण्णा पुन्हा टॉवेलला लागायचे. तुमच्या बातमीचा निकाल लागलेला असायचा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी ऑर्डरी आणि पाठवणीचं काम बघते. अण्णा तिथं घडी खात्याचे प्रमुख होते. मागावरून उतरलेला टॉवेल कापून, शिवून शेवटी त्यांच्या लांबलचक टेबलावर यायचा. तिथं तो तपासायचा, घडी घालायची, गठ्ठा बांधायचा. अण्णा मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, कारखान्यात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम.

क्रिकेटचं वेड लागलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. काहींना जुन्या नाण्यांचं असतं. अण्णांना चक्रीवादळांचं होतं. पंढरपूरच्या वाळवंटापलीकडं त्यांनी पाण्याचा काठ पाहिलेला नव्हता, पण फ्लोरिडाचा किनारा कुठं आत वळतो हे त्यांना आपल्या गल्लीच्या वळणासारखं ठाऊक होतं.

हे सुरू झालं मुलानं घेऊन दिलेल्या फोनवर. त्यात एक नकाशा होता. जगभरचं वारं त्यावर बारीक रेघांनी वाहताना दिसायचं. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा अण्णा टेबलापाशी येऊन मला म्हणाले, "ताई, वारं दिसतंय की ह्यात!" नवजात नातवंड दाखवावं तसा त्यांनी तो फोन दोन्ही हातांत धरला होता.

मग त्यांना त्यांच्यासारखीच माणसं सापडली. 'ढगांची गल्ली' नावाचा एक ग्रुप होता. त्यात रत्नागिरीच्या एक निवृत्त शिक्षिका, ओडिशाच्या किनाऱ्यावरचा एक औषध दुकानदार, फ्लोरिडात नोकरी करणारा एक पुण्याचा तरुण इंजिनिअर, अशी चाळीसेक मंडळी. कुठं कमी दाबाचा पट्टा तयार झाला की हे सगळे आपापल्या कामाच्या जागेवरून त्याच्यावर डोळा ठेवून बसायचे. वर्षभरात अण्णा तिथले कारभारी झाले. सुप्रभात आणि फुलं बंद. जुने व्हिडिओ बंद. रस्त्यावरच्या पुरात पोहणारा शार्क मासा टाकला म्हणून त्यांनी आपल्या सख्ख्या मेव्हण्याला ग्रुपमधून काढलं. मेव्हण्यानं दिवाळीला येणं सोडलं. अण्णांनी शब्द मागं घेतला नाही.

कारखान्यात रोज सकाळी पहिलं बातमीपत्र घडी खात्यात व्हायचं.

"बंगालच्या उपसागरात हालचाल हाय," अण्णा जाहीर करायचे.

"व्हय का?" टेबलावरच्या शारदाबाई म्हणायच्या. "मग डबा लवकर खायचा का?"

एकदा मालक गडबडीत आले. "अण्णा, आजची गाडी भरली का?"

"थांबवा, मालक. दोन दिवस सोडू नका. डोळा उघडलाय."

"कुणाचा?"

"वादळाचा. सरळ फ्लोरिडाकडं निघालंय."

मालकांनी कपाळावर हात मारला. "अण्णा, आपली गाडी पंढरपूरजवळ करकंबला निघालीय!"

अण्णांनी फोनवर बोट फिरवलं, नीट पाहिलं. "मग जाऊ द्या. तिकडं कायबी न्हाय."

गंमत अशी की सोलापूरच्या पावसाबद्दल मात्र ते तोंड उघडायला तयार नसत. त्याला कारण होतं. एका उन्हाळ्यात वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं होतं, "कुरडया घालू का गच्चीवर?" अण्णांनी नकाशा पाहून, वाऱ्याची दिशा सांगून, चार वाक्यांत परवानगी दिली. दुपारी चारला वळीव आला. कुरडयांचा पुन्हा चीक झाला. वहिनी ती गोष्ट भेटेल त्याला सांगत. "ह्यांना अमेरिकेतलं दिसतंय. डोक्यावरचं दिसत न्हाय."

तेव्हापासून कुणी विचारलं की अण्णा म्हणायचे, "समुद्राचं काय ते विचारा. सोलापूरचं देवाला विचारा."

तरी एका पावसाळ्यात त्यांनी आम्हाला वाचवलं, असंच मी म्हणेन. सीना नदीला पाणी चढलं होतं. दुपारी कुणा एकाच्या फोनवर व्हिडिओ आला: वरचं धरण फुटलं. पाण्याचा लोट, वाहून जाणाऱ्या गाड्या, माणसांचा आरडाओरडा. दहा मिनिटांत माग बंद पडले. ज्यांची गावं नदीकाठी ते सायकली, बाईक काढून फाटकाकडं धावले. एक जण त्यातच पडला, त्याचा गुडघा फुटला.

अण्णा फाटकासमोर गठ्ठ्यावर उभे राहिले. त्यांचा आवाज एवढा मोठा असेल हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. "कुठलं? कधीचं? कुणी बघितलं?" त्यांनी तो फोन हिसकावून घेतला, व्हिडिओ थांबवला आणि सगळ्यांपुढं धरला. "ही माणसं बघा. डोक्यावर बांबूच्या टोकदार टोप्या हायत. आपल्या सीनेच्या काठाला असल्या टोप्या कोण घालतंय?"

कुणीतरी फसकन हसलं आणि मग सगळेच हसले. पण अण्णा हसले नाहीत. त्यांनी रत्नागिरीच्या बाईंना फोन लावून वरच्या भागातल्या पावसाचे आकडे विचारले आणि मग म्हणाले, "धरण फुटलेलं न्हाय. पण पाणी चढतंय, ते खरं हाय. ज्यांची जनावरं नदीच्या बाजूला हायत, त्यांनी आत्ता निघा. सावकाश निघा. बाकीच्यांनी माग चालू करा." सात जण गेले. संध्याकाळपर्यंत त्यांतल्या तिघांच्या गोठ्यांत पाणी आलं. जनावरं तोवर माळावर पोचली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलाशी पाऊस नसेल अशा लग्नाच्या तारखा काढायला माणसं येऊ लागली. अण्णा त्यांना बघून सुताच्या गोदामात लपायचे.

आता त्या ऑक्टोबरबद्दल सांगते. फ्लोरिडाकडं एक मोठं वादळ निघालं होतं. अण्णा दोन दिवस त्या इंजिनिअर मुलाच्या मागं लागले होते. त्याला ते 'तम्मा' म्हणायचे. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. प्रत्यक्षात दोघांची भेट कधी झालेली नव्हती.

"तम्मा, निघ तिथनं."

"अण्णा, माझं घर पक्कं आहे. आणि इथं घर सोडायचा हुकूम अजून नाही."

"हुकमाची वाट काय बघतोस? वारं हुकूम विचारतंय का?"

तो निघेपर्यंत रस्ते तुंबले. अर्ध्यातून परत फिरून तो घरी आला, एकटा. तिथं रात्र झाली होती तेव्हा आमच्याकडं सकाळची पाळी सुरू होत होती. आठच्या सुमाराला अण्णांचा फोन वाजला. त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"आता तुला बोलून उपयोग न्हाय," ते म्हणाले. "खिडकी नसलेली खोली कुठली हाय? न्हाणीघर? मग तितं जा. दार लाव. फोन चार्ज हाय न्हवं? ठेवू नको. मी हाय हितं."

मागांच्या खडखडाटात ऐकू येईना, म्हणून ते सुताच्या गोदामात गेले आणि फोन चार्जिंगला लावून बटणाशेजारच्या पेटीवर बसले. मी चहा नेऊन ठेवला. तो तसाच राहिला.

अकराच्या सुमाराला आमच्याकडंही परतीच्या पावसानं झोडपायला सुरुवात केली. थोड्या वेळानं माझ्या फोनवर वहिनी. "ताई, ह्यांचा फोन लागत न्हाय. नाल्याचं पाणी घरात आलंय. काय करू विचारा की."

मी गोदामात धावले. अण्णांनी फोनवर हात धरला. "तिला म्हणावं, कॉटवर बस. हितं वादळ आलंय."

मी तसंच सांगितलं.

"मी कॉटवरच हाय," वहिनी म्हणाल्या. "कॉट तरंगायला लागली की कुटं बसू ते विचारा."

हा निरोप मी न्यायच्या आतच मालकांनी माझं बोलणं ऐकून दोन माणसं आणि पंप त्यांच्या घरी पाठवला. अण्णांना ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

साडेबाराला फोन तुटला. अण्णांनी पुन्हा लावला. पुन्हा लावला. गोदामाच्या दारातून मी पाहत होते. कोऱ्या सुताच्या ढिगाऱ्यात बसलेला तो माणूस फोन कानावरून काढेना. मग त्यांनी तो खाली ठेवला, नकाशाही उघडला नाही. पाळी सुटल्यावर शारदाबाई त्यांना म्हणाल्या, "घरी जावा अण्णा, वहिनी वाट बघतायत." ते गेले. वहिनींना आदल्या दिवसापर्यंत तो मुलगा नावानंही ठाऊक नव्हता, पण त्या रागावल्या नाहीत. भिजलेली गादी जिन्यावर टाकून त्यांनी एवढंच विचारलं, "आला का त्याचा फोन?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आला. फोन नव्हे, चार शब्दांचा निरोप. "छप्पर गेलं. मी आहे." अण्णांनी तो मला दाखवला, शारदाबाईंना दाखवला, मालकांना दाखवला, फाटकावरच्या वॉचमनला नेऊन दाखवला. मग नाक शिंकरलं आणि म्हणाले, "गाढव हाय. आधीच निघाला असता तर?"

त्या चार तासांत काय बोललात, असं मी एकदा विचारलं होतं. "काय न्हाय. आपलं कामाचंच," असं म्हणून त्यांनी विषय तोडला.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. आदल्या दिवशी पाळी करून गेले होते, सकाळी उठले नाहीत. 'ढगांच्या गल्ली'त ती बातमी त्यांच्या फोनवरून मीच टाकली. पहिला निरोप आला तो त्यांनी काढून टाकलेल्या मेव्हण्याचा. रत्नागिरीच्या बाईंनी त्याला कधी परत घेतलं होतं, ते अण्णांना कुणी सांगितलंच नव्हतं.

डिसेंबरात एक उंचसा तरुण कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. फ्लोरिडाहून पुण्याला आला होता, तिथून सकाळच्या गाडीनं सोलापूरला. वहिनींना भेटून आला होता. त्याला घडी खातं पाहायचं होतं.

मी त्याला आत नेलं. त्यानं टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. मग शारदाबाईंना विचारून त्यानं ढिगातला एक टॉवेल घेतला, टेबलावर पसरला, लांबीत तीन पदर केले, पालथ्या हातानं सुरकुती काढली. मी बघतच राहिले. हे आमच्या खात्यात नव्या माणसाला पंधरा दिवस शिकवावं लागतं.

"न्हाणीघरात चार टॉवेल होते," तो म्हणाला. "बाहेर काय चाललं होतं ते ऐकू येऊ नये म्हणून अण्णांनी मला कामाला लावलं. चार तास त्याच चार टॉवेलांच्या घड्या. घालायच्या, मोडायच्या. प्रत्येक वेळी विचारायचे, कोपरे जुळले का? खोटं बोललो की त्यांना कळायचं. कसं कळायचं कोण जाणे."

शारदाबाईंनी त्याची घडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत त्याच्यापुढं ठेवली.

"किनार आत गेलीय, दादा. अण्णांनी परत घालायला लावली असती."

"लावलीच होती," तो म्हणाला. "छप्पर उडालं तेव्हा."

आणि त्यानं टॉवेल उलगडला, झटकला आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतला.