मामांच्या घराचं दार

मामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी लॅपटॉपवर त्यांच्या घराच्या दाराशी झगडत होते. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, "कुणाचा गं फोन?" आणि स्क्रीनवर 'दार' नावाचा निळा ठोकळा तसाच बसून होता.

मामांना दिसत नव्हतं. नागापूरच्या एका कारखान्यात ते टेलिफोन ऑपरेटर होते. निवृत्त होऊन शनिशिंगणापूरला घरी परतले आणि मोबाईलवर, ऐकून खेळायच्या गेमचा त्यांना नाद लागला. त्यात चित्र नसतं, नुसते आवाज. पण सगळे खेळ परदेशातल्या किल्ल्यांतले. "किती लांडगे मारू गं?" मामा एकदा वैतागून म्हणाले. "आपल्या घराचा गेम करू. बबन्या येईल त्यात." बबनराव हे त्यांचे पाथर्डीचे मित्र, तेही अंध. फोनवर वर्षानुवर्षं "येतो, येतो" म्हणायचे, आणि आता गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नव्हती. बबनरावांनी एकदा आपल्या घरात यावं, एवढंच मामांना हवं होतं. मदतीला मला निवडलं, कारण, "तू बोलत न्हाईस. रेकॉर्डिंगला असं मानूस बरं."

मी नवशिक्यांसाठीचं एक फुकट सॉफ्टवेअर शोधलं. 'लहान मूलही गेम बनवू शकेल,' असं त्यावर लिहिलं होतं. रंगीत ठोकळे माऊसने ओढून जोडायचे. मामांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज त्यापुढे नुसता "बटण, बटण, बटण" म्हणत राहिला. "त्या लहान मुलाला डोळे असत्याल," मामा म्हणाले. आवाजांचा खेळ बनवायचं साधन, आणि ते ऐकून वापरता येत नाही! मग ठोकळे मी ओढायचे आणि हुकूम मामांनी सोडायचे, असं ठरलं.

घरातले आवाज आम्ही रेकॉर्ड करून त्यात भरले, पण एका वेळी एकच आवाज वाजायचा. ओसरीत शेळी ओरडली की मामींचं बोलणं बंद.

"म्हंजे शेळीम्होरं मी गप बसायचं व्हय?" मामी म्हणाल्या.

"सॉफ्टवेअर वाईट न्हाई," मामा मला हळूच म्हणाले.

खरी अडचण दाराची. एका खोलीतून दुसरीत जायला त्या सॉफ्टवेअरला दार लागायचंच, आणि ते करकरायचं. शिंगणापूरच्या घरात करकरणारं दार! मामींनी हात जोडले. "काढ गं ते आधी. आज शनिवार हाय." कंपनीला मी ईमेल केला. उत्तर आलं की घराला दार नसणं ही बहुधा आमच्या आराखड्यातली चूक असावी. मामांनी ते मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं आणि पोट धरून हसले.

दार निघेना, पण त्याचा आवाज बदलता येत होता. मामांनी करकरीच्या जागी स्वतःचा आवाज भरला, "ये, बस." मग कळलं की फुकटात सगळ्या दारांना मिळून एकच आवाज मिळतो. ओसरीत जा, "ये, बस." गोठ्यात जा, "ये, बस." न्हाणीत गेलं तरी तेच.

"न्हानीत कुठं बसवताय पाव्हन्याला?" मामी.

ते मामांनी चालवून घेतलं. पण घराबाहेर पडतानाही "ये, बस" वाजायचं, ते त्यांना अजिबात पटेना. "निघालेल्याला कुनी बस म्हनतं का? बबन्या म्हनंल, ह्याला याड लागलं." निरोपासाठी त्यांनी वेगळं "सावकाश जा" बोलून ठेवलं. ते कुठेतरी बसवते, असं मी कबूल केलं होतं. फोन आला तेव्हा तेच चाललं होतं.

ते शेवटपर्यंत बसलं नाही. काही आठवड्यांनी मी तसाच लॅपटॉप घेऊन पाथर्डीला गेले. अनोळखी घर. बबनरावांचं बोट बाणाच्या बटणावर ठेवून दिलं, झालं. ते ओसरीत गेले, गोठ्यात गेले. न्हाणीतल्या "ये, बस"ला मोठ्यानं हसले आणि कचकचीत शिवी दिली. सगळं घर हिंडून झालं. मग म्हणाले, "चल गड्या, निघतो." आणि बाहेरचं बटण दाबलं.

"ये, बस."

"निघू दीना ह्यो..." बबनराव म्हणाले.

मी त्या साधनाची अडचण सांगायला तोंड उघडलं, तोवर ते मागे वळून ओसरीत पोचलेही होते. बसायची सोय त्यात नाहीच. त्यांनी बटणावरचं बोट उचललं आणि तसेच थांबले. लॅपटॉपमधून मामी काहीतरी सांगू लागल्या, तेवढ्यात शेळी ओरडली.