सुनेची गिअरवाली सायकल

मंगळवारी सुनेला घेऊन तिच्यासाठी गिअरची सायकल घ्यायला धुळ्याला गेलो होतो... तेव्हापासून जिवाला चैन नाही. सांगावं असं कुणी जवळ नाही, म्हणून इथे लिहितोय. माझी शाळा सातवीपर्यंत, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची सून रेखा डोंगरातल्या एका उपकेंद्रावर कंत्राटी नर्स आहे. गावापासून तिथवर सगळा दगडगोट्यांचा रस्ता. आधी काळीपिवळी जायची, पण पावसाळ्यात नाल्यावरचा फरशीपूल वाहून गेला आणि गाडी बंद झाली. तेव्हापासून ती पायी जाते.

हजेरी मोबाईलवर लागते आणि उशीर झाला की लागत नाही. साहेबांनी दोनदा तंबी दिलीय, आता कंत्राट पुढे वाढेल की नाही कुणास ठाऊक... घरात कमावती ती एकटीच. नात दहावीला आहे, आणि माझं म्हणाल तर मी आता खायला काळ.

स्कूटी घे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुलगा मोटरसायकलवरच गेला. त्यानंतर आमच्या अंगणात दुचाकी उभी राहिली नाही. शेवटी रेखाच म्हणाली, "नाना, मी सायकल घेते. ती डोंगरात चालते ती."

जन्मभर मी जळगावला राहून डाळमिलमध्ये सायकलने गेलो, म्हणून वाटलं, सायकल आपल्याला कळते. पण दुकानात उभा राहिलो आणि जिकडे बघावं तिकडे अपघातच दिसायला लागला. डिस्क ब्रेक करकचून लागला तर पोर पुढे फेकली जाईल. साधा घ्यावा तर चिखलात लागणार नाही... गिअर बदलताना चेन निसटली तर?

दुकानदार वैतागला. म्हणाला, "नाना, मग सायकल हातात धरून चालतच न्यायची का?"

मला एक पसंत पडली होती. जाड नळ्यांची, पुढेमागे शॉकर, चांगली वजनदार. जड म्हणजे मजबूत, आमचा हिशेब एवढाच. दुकानदार म्हणाला, तुमच्या बजेटमध्ये मागचा शॉकर म्हणजे नुसतं ओझं, चढावर पायातली ताकद तोच खाईल. त्याच किमतीत पुढे एकच शॉकर असलेली, लहान फ्रेमची घ्या. मला वाटलं, पडून राहिलेला माल आपल्या गळ्यात मारतोय...

मग तो रेखाला म्हणाला, "ताई, पाय पलीकडे टाकून उभ्या राहून बघा. पाय नीट टेकले पाहिजेत आणि दांडी अंगाला लागायला नको." रेखा जागची हलली नाही. डोक्यावरची ओढणी पुढे ओढून म्हणाली, "नाना म्हणतील ती."

ती माझ्यासमोर खुर्चीवरसुद्धा बसत नाही, मग भर दुकानात सायकलवर टांग कशी टाकेल? पण मला ते सुचलंच नाही. मी आपला जड सायकलीचा भाव पाडत बसलो.

दुकानदाराची म्हातारी आई कोपऱ्यात वाती वळत होती. मी समोरून हलत नाही हे बघून तिला राहवलं नाही. "नाना, तुम्ही आठे उभा शेतस, मंग ती कशी बसी? बठ्ठी दुनिया देखी मी, पन सासरासमोर सायकलवर बसनारी सून नही देखी. जा बाहेर, च्या प्या!"

गेलो. समोरच्या टपरीवर दुकानाकडे पाठ करून बसलो. मागून चेनचा आवाज आला, ब्रेकचा आला... मग काहीतरी आपटलं. उठलो, पुन्हा बसलो. वळून बघायचा धीर झाला नाही, चहावर साय धरली.

बऱ्याच वेळाने रेखा समोर येऊन उभी राहिली. ओढणी कमरेला बांधलेली, कोपर खरचटलेलं. म्हणाली, "नाना, ती जड नको. उचलून बघितली, नाल्यातून माझ्याने निघणार नाही. लहान घेऊ."

मी म्हटलं, "पडलीस ना? सायकल नकोच. राहू दे ती नोकरी."

"पडले, कारण घाई केली. तुम्ही बाहेर ताटकळत होता म्हणून." मग जमिनीकडे बघत ती बोलत राहिली... "संध्याकाळी पण असंच होतं, नाना. तुम्ही फाट्यावर येऊन उभे राहता. लांबून दिसलात की मी पळत सुटते. सायकलवर तसं केलं तर एक दिवस नाल्यात जाईन. तुम्ही घरात थांबत जा."

मुलगा गेल्यापासून ती माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती. मला वाटायचं, मी फाट्यावर असतो तोच तिला आधार. आणि ती थकलेली पोर रोज माझ्यामुळे पळत होती... टपरीवर, लोकांसमोर, मला रडू आवरलं नाही.

लहान सायकल घेतली.

काल पहिला दिवस होता. संध्याकाळी घरात थांबलो. नातीने टीव्ही लावला, मी बंद करायला लावला, बाहेरचं ऐकू येत नव्हतं. उतारावरची खडी, नाला, सगळं डोळ्यांपुढे... चप्पल घातली, काढली, परत घातली. उंबऱ्याबाहेर मात्र गेलो नाही.

ती आली. पहिलाच दिवस, जपून आली म्हणून रोजच्यापेक्षा उशिरा, पण धाप न लागता. "हजेरी लागली," म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

आजही गेलीय. हे लिहितोय तोवर परतलेली नाही... माझी भीती काही जायची नाही, या वयात ती बरोबरच घेऊन जाईन. पण निदान ती मी घरात बसून सोसायची आहे, तिच्या वाटेत नेऊन उभी करायची नाही. हे पोरीने मला तोंडावर सांगितलं, त्याबद्दल तिचे उपकार.