बपेऱ्यात पेरलेलं नेपाळ

आमच्या मित्रासाठी मुलगी पाहायला आम्ही तिघे साकोलीहून बपेऱ्याला गेलो होतो. मुलीच्या वडिलांचं गाव मध्यप्रदेशाच्या सीमेला चिकटलेलं. दर आठवड्याला पलीकडच्या बाजाराला जात असल्यामुळे आपण जग पाहिलं आहे, असा त्यांचा पक्का समज होता. पोहे झाल्यावर ते म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पण साकोलीच्या बाहेर काई पायलंच नाई त्यानं. अशा घरकोंबड्याले पोरगी कायले देऊ?"

दाराआडून खुदकन हसू आलं. बापाचं बोलणं मित्रानं गिळलं असतं, पण ते हसणं त्याला झोंबलं. "परदेशात जाऊन येतो, मंग बोला," असं म्हणून तो उठलाच.

परतीच्या बसमध्ये त्यानं हळूच विचारलं, "परदेश कुठं असते बे?"

पासपोर्ट लागत नाही तो परदेश नेपाळ, असा शोध आमच्या तिसऱ्या गड्यानं लावला. हा किराणा दुकानदाराचा मुलगा, पंक्चर काढण्यात पटाईत. गोंदियाला सायकली रेल्वेत चढवल्या, गाड्या बदलत गोरखपूर गाठलं आणि तिथून पायडल मारायला लागलो.

सीमेवर कोणी अडवेल, दरडावेल, वहीवर शिक्का मारेल, अशी मित्राची फार आशा होती. पहारेकरी शेंगा खात बसला होता. त्यानं मानही वर केली नाही. मित्र मागे फिरला आणि घंटी वाजवत त्यानं पुन्हा सीमा ओलांडली. पहारेकऱ्यानं फक्त पाय आत घेतले.

"साहब, हम बाहर के हैं," मित्र काकुळतीनं म्हणाला.

"तो अंदर जाओ."

आत गेलो तर तेच बांध, तोच चिखल, त्याच वाकलेल्या बाया. "हे तर साकोलीच हाय," मित्र रडकुंडीला आला. "याच्यासाठी टांगा तोडल्या का?" पुढे कितीतरी दिवस आम्ही डोंगर उजव्या हाताला ठेवून पायथ्यापायथ्यानं चाललो, कारण किराणावाल्यानं चढ चढायला साफ नकार दिला होता. कुठून आलात, असं सगळे विचारायचे. साकोली म्हटलं की सगळे माना डोलवायचे, जणू शेजारचंच गाव. दुसरा प्रश्न कोणी विचारत नसे, याचा मला भारी राग यायचा.

एका गावात धानाची रोवणी चालू होती. बायांनी आम्हाला रस्त्यात गाठून चिखल फासला. आमच्याकडेही रोवणीच्या दिवसांत बांधावरून जाणाऱ्या परक्याला काही घेतल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून आम्हाला बरंच वाटलं. आम्ही फुटाणे दिले. तेवढ्यानं त्यांचं भागेना. त्यांनी मित्राला बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरवून एक ओळ रोवून घेतली. त्याला चिखलात उतरवणं त्याच्या आईला आयुष्यात जमलं नव्हतं.

शेतमालकानं जेवू घातलं आणि आठवण म्हणून काय देऊ, असं विचारलं. टोपी मागता आली असती, खुकरी मागता आली असती. आमच्या मित्रानं मूठभर बियाणं मागितलं. "टोपी गोंदियालेही भेटते," त्यानं आम्हाला समजावलं. "धान पाहून पोरीच्या बुढ्याले पटनच."

येताना पावसानं झोडपलं. बपेऱ्याला त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधलेल्या बियाण्याची गाठ सोडली तेव्हा नेपाळला मोड आले होते.

वडील चौकशीच विसरले. "आता हे थांबत नाई. चाल, बांधीत उतर." मित्र मुकाट्यानं उतरला. शेताच्या कोपऱ्यात बी पडलं आणि लग्नाचा निकाल लोंब्या येईपर्यंत लांबला. धान वेगळं निघालं तर परदेश खरा. राखण मुलीकडे आली.

मग मित्र दर पंधरवड्याला सायकलनं बपेऱ्याला जाऊ लागला. रोपं कशी आहेत, एवढंच विचारायचा म्हणे. घरकोंबड्याला एवढं लांब वारंवार जाताना पाहून साकोलीत लोक हसत.

लोंब्या आल्या तेव्हा आम्ही तिघेही गेलो. वडिलांनी एक दाणा सोलला, चावला आणि मित्राकडे पाहिलं. "हे आमचंच लुचई धान होय. कुठलं नेपाळ? मले येडा बनवून राहिला का?"

आम्ही शपथा घेऊ लागलो, पण आमच्या शपथांवर आमच्या घरचेही विश्वास ठेवत नसत.

तेवढ्यात बांधावरून मुलगी म्हणाली, "बाबा, ते खोटं नाई बोलत. त्याइचं धान बकरीनं कवाच खाल्लं. मीच आपली रोपं लावली तिथं."

"काहून?"

ती विळ्याची धार बोटानं चाचपत राहिली. "कोपरा खाली दिसला असता," ती म्हणाली, "तं हे पुन्हा कायले आले असते?"

वडिलांनी तोंडातला दाणा थुंकला आणि आम्हाला जेवायला थांबा म्हणाले.