दुसरा पेला

आमच्या झाशी स्टेशनवरचा पार्सलबाबू हिमालयात निघण्याआधी स्वतःची सॅक पार्सलच्याच काट्यावर चढवतो. जीन्स बाद, पातळ नायलॉनची पँट पास. शर्टांची लेबलं कापलेली, टूथब्रशचा दांडाही अर्धाच. म्हणतो, "भाईसाहब, पहाड़ पर तोला भी मन भर का हो जाता है."

दर वर्षी तो मला चला म्हणतो आणि मी सांगतो, रजा मिळाली नाही. खरं तर मी अर्जच केलेला नसतो. चढावर दम लागेल, हसं होईल, याची भीती वाटते.

काल त्याच्या सॅकेत प्लास्टिकचे दोन पेले दिसले.

"दुसरा कशाला?"

"आपका है. हर साल ले जाता हूँ."

तेव्हाही मला खरं सांगता आलं नाही. माझा पेला दर वर्षी बर्फ बघून येतो, आणि मी फलाटावरून हात हलवतो.